शिल्लक ५५: सी भाषेत एसएचए-२५६ लिहिण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दूरदूरच्या ठिकाणी बसवल्या जाणाऱ्या मोजमाप उपकरणांचं आहे. ती बनवणाऱ्या गटाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तांत्रिक भाग मात्र घडला तसाच ठेवला आहे. माझा संबंध आला तो कोड तपासणारा बाहेरचा माणूस म्हणून, आणि तोही पहिली आवृत्ती वापरात गेल्यानंतर.

उपकरणाच्या पोटात आर्मच्या कॉर्टेक्स-एम० प्लस गाभ्याचा छोटा मायक्रोकंट्रोलर होता. रॅम ८ किलोबाइट आणि बूटलोडरसाठी (उपकरण चालू होताच आधी चालणारा आणि मग फर्मवेअर, म्हणजे उपकरणाचा मुख्य प्रोग्रॅम, सुरू करणारा छोटा कोड) राखलेली फ्लॅश १२ किलोबाइट. उपकरण कारखान्यातून निघताना बूटलोडरच्या जागेला कायमचं लेखन-कुलूप लागायचं. मुख्य फर्मवेअर नंतर दुरून बदलता येई, बूटलोडर कधीच नाही. हा निर्णय शहाणपणाचाच होता, कारण अर्धवट लिहिला गेलेला बूटलोडर म्हणजे निकामी उपकरण. पण त्याचा अर्थ असाही होता की बूटलोडरमध्ये जे चुकेल ते उपकरणाच्या अखेरपर्यंत सोबत राहील.

आधीच्या पिढीत नवं फर्मवेअर सीआरसी-३२ने तपासलं जाई. वाटेत एखादा बिट उलटला तर सीआरसी तो पकडतो, आणि तेवढंच त्याचं काम आहे. मुद्दाम केलेला बदल त्याला कळत नाही. सीआरसी रेषीय असल्यामुळे फाइलमध्ये हवा तो बदल करून चार बाइट जुळवून घेतले की हवा तो सीआरसी मिळतो. नव्या पिढीसाठी ग्राहकाची अट स्पष्ट होती: उपकरणाने फक्त आपली डिजिटल सही असलेलंच फर्मवेअर चालवावं.

सहीसाठी पी-२५६ या इलिप्टिक वक्रावरचं ईसीडीएसए (डिजिटल सहीची एक पद्धत) ठरलं आणि ती तपासायला मायक्रो-ईसीसी ही छोटी, मुक्त स्रोत लायब्ररी घेतली. ही लायब्ररी वक्राचं गणित करते, हॅश, म्हणजे कितीही लांब डेटाचा ठरावीक लांबीचा ठसा, काढत नाही. तिला तयार हॅश द्यावा लागतो. बूटलोडरमध्ये एसएचए-२५६ ही हॅश काढण्याची पद्धत कुठून तरी आणणं भाग पडलं ते इथे.

अडचण

एसएचए-२५६चं मानक २००२ साली अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने फिप्स १८०-२ या दस्तऐवजात प्रसिद्ध केलं. वर्णन थोडक्यात मावतं, आणि लिहायला बसलं की एका बैठकीत चालू होणारा कोड तयार होतो. धोका त्यातच आहे.

हॅशमध्ये 'जवळजवळ बरोबर' असं काही नसतं. आलेख काढणाऱ्या कोडमध्ये चूक असली तर रेघ वाकडी दिसते आणि कुठे बघायचं ते कळतं. हॅशमध्ये एक बिट इकडचा तिकडे झाला की निकालातले साधारण निम्मे बिट बदलतात. चुकलेलं उत्तर बरोबर उत्तराइतकंच रँडम दिसतं. चूक चौसष्टाव्या फेरीत आहे, स्थिरांकात आहे की शेवटच्या पॅडिंगमध्ये (संदेशाचा शेवटचा ठोकळा पूर्ण करायला जोडलेल्या बाइटांमध्ये), याचा काही माग त्या उत्तरात राहत नाही. म्हणून हॅशचा कोड लिहिताना सगळा भरवसा चाचण्यांवर जातो. आणि चाचण्या कुठल्या लांबीच्या संदेशांवर घेतल्या, यावर पुढचं सगळं अवलंबून राहतं.

कोणते पर्याय होते

चिपमध्येच हॅशचं हार्डवेअर असणं सर्वांत सोयीचं ठरलं असतं, पण या चिपमध्ये फक्त एईएस या कूटबद्धतेच्या पद्धतीचं इंजिन होतं. एमडी५ आणि एसएचए-१ या जुन्या हॅशांचा विचार एका वाक्यात संपला, आणि तो तसाच संपायला हवा. एमडी५ची टक्कर (दोन वेगळ्या संदेशांचा एकच हॅश) २००४ मध्ये दाखवली गेली आणि एसएचए-१ची २०१७ मध्ये. ब्लेक२एस हा हॅश ३२-बिट प्रोसेसरवर वेगवान आहे आणि कोडही आटोपशीर होतो. पण सही करणारं यंत्र आणि त्याभोवतीची साधनं एसएचए-२५६ धरूनच बांधलेली होती. उपकरणाच्या सोयीसाठी सहीची सगळी साखळी बदलणं परवडणारं नव्हतं.

उरले दोन मार्ग: कुणीतरी आधीच घासूनपुसून घेतलेला कोड वापरणं, किंवा स्वतः लिहिणं.

चिप बनवणाऱ्याने दिलेली क्रिप्टो लायब्ररी फक्त बायनरी स्वरूपात होती आणि चालताना मेमरी मागून घेत होती. बूटलोडरमध्ये गटाला डायनॅमिक मेमरी नको होती, आणि जो कोड वाचता येत नाही तो कुलूपबंद जागेत ठेवायचीही तयारी नव्हती. ही दोन्ही कारणं मला पटतात. एमबेड टीएलएससारखी मोठी लायब्ररी 'जागेत बसणार नाही' म्हणून बाजूला पडली. हे मात्र पटत नाही. अशा लायब्ररीतून एसएचए-२५६ची तेवढी फाइल वेगळी काढून, नको ते भाग बंद करून वापरता येते. किती जागा लागते हे कुणी कंपाइल करून पाहिलंच नाही. बैठकीच्या टिपणात त्या पर्यायासमोर एक ओळ आहे, आकडा नाही.

स्वतः लिहायचं ठरलं. एका अनुभवी अभियंत्याने कोड लिहायचा आणि नव्याने रुजू झालेल्या सहकारी अभियंतीने चाचण्या.

लिहिताना घेतलेले निर्णय

एसएचए-२५६ संदेशाचे ६४ बाइटचे ठोकळे करतो. प्रत्येक ठोकळा ३२ बिटांचे १६ शब्द म्हणून वाचला जातो आणि त्यांचा विस्तार होऊन ६४ शब्द होतात. आठ शब्दांची एक अवस्था असते. ती ६४ फेऱ्यांतून जाते आणि आधीच्या अवस्थेत मिळवली जाते. सुरुवातीची अवस्था पहिल्या आठ मूळ संख्यांच्या वर्गमुळांच्या अपूर्णांकातून येते. फेऱ्यांचे ६४ स्थिरांक पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांतून येतात. स्थिरांक हाताने टाइप न करता छोट्या प्रोग्रॅमने काढून मानकाशी ताडून पाहायचे, ही त्या अभियंत्याची सवय मला फार आवडली. चौसष्ट हेक्स आकडे उतरवताना दोन अंकांची अदलाबदल होणं काही अवघड नाही.

पहिला खरा निर्णय रॅमचा होता. विस्तारलेले ६४ शब्द साठवायला २५६ बाइट लागतात. पण नवा शब्द काढायला मागचे फक्त सोळाच लागतात: दोन मागचा, सात मागचा, पंधरा मागचा आणि सोळा मागचा. म्हणून १६ शब्दांचा फिरता साठा पुरतो, म्हणजे ६४ बाइट. सहीच्या गणिताला स्टॅक भरपूर लागतो, त्यामुळे ही बचत उपयोगी होती. हॅशची सगळी स्थिती मग ३२ बाइटची अवस्था, ६४ बाइटचा बफर आणि ८ बाइटचा मोजणीचा आकडा, एवढ्यात मावली.

दुसरा प्रश्न फेऱ्या सरळ एकामागून एक उलगडून लिहायच्या की लूपमध्ये ठेवायच्या. मोठ्या प्रोसेसरवर उलगडल्याने वेग वाढतो. एम० प्लसवर बहुतेक सूचना फक्त खालच्या आठ रजिस्टरांवर चालतात. अवस्थेचेच शब्द आठ, त्यामुळे तात्पुरत्या किमतींसाठी स्टॅकवर ये-जा करावीच लागते. शिवाय या गाभ्यात बिट गोल फिरवण्याच्या सूचनेला फिरवण्याची संख्या रजिस्टरमधूनच द्यावी लागते. उलगडून मिळणारा फायदा कमी आणि जागेचा खर्च मोठा. लूप ठेवला, असेंब्लीचा विचार सोडला. उपकरण नवं फर्मवेअर क्वचितच घेतं, तेव्हा थोडा जास्त वेळ चालणार होता. इथे सोपा, वाचता येणारा कोड निवडला गेला हे फार बरं झालं. पुढे चूक शोधताना त्याचाच उपयोग झाला.

तिसरी गोष्ट बाइटांच्या क्रमाची. मानक शब्द मोठ्या टोकाकडून (सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी) वाचायला सांगतं, हा प्रोसेसर लहान टोकाकडून वाचतो. पहिल्या मसुद्यात बाइटांच्या पॉइंटरला ३२-बिट पॉइंटर बनवून शब्द एकदम उचलला होता आणि मग बाइट उलटवले होते. विकासाच्या संगणकावर हे बिनबोभाट चाललं. उपकरणावर बफर विषम पत्त्यावर आला तेव्हा थेट हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसर चूक देऊन अडला, कारण एम० प्लस चारच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून शब्द वाचत नाही. सी भाषेच्या नियमांनुसारही तो कोड अवैधच होता.

मग चार बाइट वेगवेगळे वाचून, सरकवून एकत्र जोडण्याची नेहमीची पद्धत घेतली. तिच्यातही एक खड्डा आहे. सीमध्ये आठ बिटांचा बाइट सरकवण्याआधी आपोआप चिन्हासहित पूर्णांक होतो. बाइट १२८ किंवा जास्त असला आणि तो २४ जागा डावीकडे सरकवला, तर निकाल चिन्हाच्या बिटात शिरतो. अशा वेळी काय व्हावं हे भाषा ठरवून देत नाही. बहुतेक कंपाइलर अपेक्षित उत्तर देतात, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं दडून राहते. चाचणी लिहिणाऱ्या अभियंतीने अनिर्धारित वर्तन पकडणारा सॅनिटायझर लावून संगणकावर कोड चालवला आणि पहिल्याच फेरीत त्याने ही ओळ दाखवली. सरकवण्याआधी ३२-बिट चिन्हरहित प्रकारात रूपांतर केलं की प्रश्न मिटतो.

चौथा निर्णय मोजणीच्या आकड्याचा. एवढ्याशा फ्लॅशमध्ये ३२-बिट आकडा पुरेसा वाटतो. पण मानकाला लांबी बिटांत हवी असते. बाइटांची संख्या ३२ बिटांत ठेवून तिला आठने गुणलं की ५१२ मेगाबाइटला आकडा उलटतो. उपकरणावर हे कधी होणार नाही, पण तीच फाइल उद्या कुणी मोठ्या संगणकावर वापरली तर? गटाने ६४-बिट आकडा घेतला आणि मला तो योग्य वाटतो. लांबीच्या आकड्यातल्या चुका फार चांगल्या लोकांकडूनही होतात. एसएचए-३ या नंतरच्या हॅश मानकाचा मूळ संदर्भ कोड खुद्द केचॅक, म्हणजे ज्यावर ते मानक आधारलं आहे ती पद्धत, रचणाऱ्या गटाचा. त्यात २०११ पासून असलेली बफर ओलांडण्याची चूक २०२२ मध्ये निकी मूहा यांनी उघड केली. आधी थोडे बाइट देऊन मग सुमारे ४ गिगाबाइटचा तुकडा दिला की ती उघडी पडे, आणि तोच कोड पायथन आणि पीएचपीमध्येही गेलेला होता. तिथेही गणित बरोबर होतं. चुकला होता तो बफर भरण्याचा हिशेब.

मेमरी पुसणं आणि वेळेवरून गुपित फुटणं या चर्चा गटाने लवकर आवरल्या, आणि ते योग्यच होतं. फर्मवेअर गुप्त नव्हतं, आणि एसएचए-२५६च्या सरळ कोडमध्ये डेटावर अवलंबून असलेली शाखा किंवा तक्ता नसतोच. आणखी एक चांगला निर्णय: हॅश बाहेरच्या फ्लॅशवरच्या प्रतीचा न घेता, आतल्या फ्लॅशमध्ये लिहून झालेल्या प्रतीचा घ्यायचा. जे चालणार आहे तेच तपासलं गेलं पाहिजे.

चाचणी

नेहमीचे नमुने घेतले गेले: रिकामा संदेश, 'एबीसी' ही तीन अक्षरं, ५६ अक्षरांचा लांब नमुना आणि दहा लाख वेळा 'ए'. चारही जुळले.

इथे एक निर्णय घेतला गेला आणि त्यानेच पुढे गटाला वाचवलं. सही करणाऱ्या साधनातही हाच सी कोड वापरावा, म्हणजे दोन्हीकडे एकच कोड राहील, असा प्रस्ताव होता. देखभालीला सोपं, ऐकायलाही बरं. चाचण्या लिहिणाऱ्या अभियंतीने विरोध केला. तिचं म्हणणं साधं होतं: दोन्ही टोकांना एकच कोड असेल तर तो चुकला तरी दोन्हीकडे सारखाच चुकेल आणि सगळं जुळतंय असंच दिसेल. सहीच्या बाजूला ओपनएसएसएल ही सर्रास वापरली जाणारी वेगळी लायब्ररी ठेवावी, हा तिचा आग्रह मान्य झाला.

तिने आणखी एक सुचवलं होतं. शून्यापासून काहीशे बाइटपर्यंत प्रत्येक लांबीचा संदेश घेऊन दोन्ही उत्तरं ताडून पाहायची. ते 'पुढच्या टप्प्यात' म्हणून यादीत गेलं. प्रत्यक्ष फर्मवेअरच्या अनेक आवृत्त्या सही करून, उपकरणावर टाकून झाल्या होत्या आणि सगळ्या मान्य झाल्या होत्या. बूटलोडरला कुलूप लागलं आणि उपकरणं रवाना झाली.

प्रत्यक्ष वापरातली तक्रार

पुढच्या काळात मुख्य फर्मवेअरमध्ये एक सोय वाढली. उपकरणाची मांडणी, म्हणजे ठिकाणाचं नाव, नोंदींमधलं अंतर, मर्यादा वगैरे, एका मजकूर फाइलमधून पाठवायची आणि तिच्यावरही सही असायची. जागा वाचवायला मुख्य फर्मवेअर सही तपासण्यासाठी बूटलोडरमधलंच फंक्शन बोलावत असे.

मग काही उपकरणांनी मांडणीची फाइल 'सही अवैध' म्हणून नाकारली. बाकी सगळ्यांनी तशाच फाइली घेतल्या. पहिला संशय ठिकाणाच्या नावांतल्या अक्षरांच्या एन्कोडिंगवर गेला, कारण नाव बदललं की फाइल चालायची. मदत कक्षातल्या तंत्रज्ञाने एक निरीक्षण कळवलं: "सर, फाइलच्या शेवटी एक स्पेस टाकून पुन्हा सही केली की उपकरण घेतं. का ते कळत नाही, पण दर वेळी घेतं."

हे वाक्य सोन्याचं होतं, पण ताबडतोब कुणी त्याकडे वळलं नाही. लक्ष सहीच्या स्वरूपावर गेलं होतं. ईसीडीएसए सहीत दोन मोठे आकडे असतात. सही करणारं साधन ते डीईआर स्वरूपात देतं आणि त्यात आकड्याचा वरचा बिट १ असेल तर पुढे एक शून्य बाइट लागतो. मायक्रो-ईसीसीला मात्र सरळ ६४ बाइट हवे असतात. या रूपांतरात चुका होतात हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्या अधूनमधूनच दिसतात, त्यामुळे संशय रास्त होता. गटाने ते रूपांतर ओळ न ओळ तपासलं. काही सापडलं नाही.

शोध

या टप्प्यावर मला बोलावलं गेलं. मी एकच प्रयोग सुचवला: नाकारलेल्या फाइलला हातही न लावता तिच्यावर पुन्हा पुन्हा सही करा. त्यांचं साधन प्रत्येक सहीसाठी नवी यादृच्छिक संख्या घेत होतं. म्हणजे तीच फाइल, तीच किल्ली, पण सही दर वेळी वेगळी. दोष सहीच्या रूपांतरात असता तर यातल्या काही सह्या चालल्या असत्या. एकही चालली नाही. सह्या बदलत होत्या, नकार बदलत नव्हता. म्हणजे दोष सहीत नव्हता, फाइलच्या हॅशमध्ये होता. आणि एक स्पेस टाकल्याने तो नाहीसा होत होता, म्हणजे तो फाइलच्या लांबीशी बांधलेला होता.

नाकारलेल्या फाइलींच्या लांब्या मांडल्या: ४३९, ५०३, पुन्हा ४३९. चौसष्टने भागलं की प्रत्येक वेळी बाकी ५५.

आता पॅडिंगचा नियम पाहू. संदेश संपला की त्याला पहिला बिट १ आणि उरलेले सात शून्य असा एक बाइट जोडतात. मग शून्यं, आणि ठोकळ्याच्या शेवटच्या आठ बाइटमध्ये संदेशाची लांबी. म्हणजे लांबी ५६व्या स्थानापासून लिहायची, शून्यापासून मोजलं तर. शेवटच्या ठोकळ्यात ५५ बाइट उरले असतील तर खुणेचा बाइट ५५व्या स्थानी जातो, भरलेले बाइट ५६ होतात आणि लांबीचे आठ बाइट नेमके उरलेल्या जागेत बसतात. एकही शून्य लागत नाही. ५६ उरले असतील तर खूण ५६व्या स्थानी जाते, लांबीला जागा उरत नाही आणि आणखी एक ठोकळा घ्यावा लागतो.

कोडमध्ये खुणेचा बाइट टाकून झाल्यावर प्रश्न विचारला होता: भरलेले बाइट >= ५६ आहेत का? असतील तर नवा ठोकळा. तिथे फक्त > हवं होतं. लिहिणाऱ्याने तो आकडा शेवटच्या भरलेल्या स्थानाचा धरला होता, प्रत्यक्षात तो भरलेल्या बाइटांची संख्या होती. त्यामुळे शिल्लक ५५ असली की कोड विनाकारण एक ठोकळा जास्त घेई आणि हॅश पूर्ण वेगळा येई. बाकी ६३ शिल्लकींना उत्तर अचूक.

आता त्या चार नमुन्यांकडे पुन्हा बघा. रिकामा संदेश: शिल्लक शून्य. 'एबीसी': शिल्लक ३. लांब नमुना: शिल्लक ५६. दहा लाख म्हणजे ६४ गुणिले १५,६२५, तंतोतंत, म्हणजे शिल्लक पुन्हा शून्य. ५६चा नमुना मुद्दाम सीमेवर ठेवलेला आहे. पण तो सीमेची एकच बाजू तपासतो, नवा ठोकळा घ्यायला विसरणाऱ्या कोडची. गरज नसताना घेणाऱ्या कोडला तो पास करतो. दहा लाख अक्षरांची चाचणी दिसायला भरभक्कम, पण पॅडिंगबद्दल ती रिकाम्या संदेशाहून जास्त काहीच सांगत नाही.

मग फर्मवेअरच्या इतक्या आवृत्त्या मान्य कशा झाल्या? कारण लिंकर, म्हणजे कोडचे तुकडे जोडून फर्मवेअरची अंतिम प्रतिमा बनवणारा प्रोग्रॅम, प्रतिमेची लांबी चारच्या पटीत आणतो. चारच्या पटीला ६४ने भागून बाकी ५५ कधीच येत नाही. म्हणजे फर्मवेअरवर कितीही चाचण्या केल्या असत्या तरी ही चूक दिसलीच नसती. मजकूर फाइल आली, लांबी वाट्टेल ती झाली, आणि ती उघडी पडली.

अभियंतीची यादीत पडून राहिलेली चाचणी आता चालवली. शून्य ते २५६ बाइट, प्रत्येक लांबी. ५५, ११९, १८३ आणि २४७ या चारच ठिकाणी फरक.

काय करायचं, हा खरा पेच

कोडमधून एक चिन्ह काढायचं होतं. पण तो कोड कुलूपबंद होता. इथली चर्चा मला सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते.

चूक सुरक्षेचं भगदाड नव्हती. उपकरण खरी फाइल नाकारत होतं, खोटी स्वीकारत नव्हतं. त्यामुळे उपकरणं परत मागवण्याची बाजू दुबळी झाली. बूटलोडर बदलता येईल अशी पळवाट शोधावी, असंही कुणी म्हणालं. ते मोडीत काढलं गेलं, कारण कुलूप फोडण्याची वाट आपल्याला सापडली तर ती इतरांनाही सापडते.

मोहात पाडणारा पर्याय वेगळाच होता. सही करणाऱ्या साधनालाच शिल्लक ५५ असताना तसाच चुकीचा हॅश काढायला शिकवायचं, म्हणजे जुनी उपकरणं खूष. हे एका दुपारचं काम होतं. पण मग दुरुस्त कोड असलेली नवी उपकरणं तीच फाइल नाकारतील, आणि एसएचए-२५६ नाव असलेलं पण एसएचए-२५६ नसलेलं काहीतरी कायमचं सांभाळावं लागेल. नकार देण्यावर एकमत झालं.

शेवटी तीन गोष्टी एकत्र झाल्या. लगेचचा उपाय म्हणून सही करणारं साधन लांबी तपासू लागलं. मांडणीच्या फाइलची शिल्लक ५५ निघाली तर ते सही करण्याआधी शेवटी एक स्पेस जोडतं. म्हणजे तंत्रज्ञाची युक्तीच नियम झाली. फर्मवेअरची प्रतिमा ६४च्या पटीत नसेल तर ते सही करायलाच नकार देतं, त्यामुळे जुन्या बूटलोडरमधली ती वाट कधीच गाठली जात नाही. दुसरं, मुख्य फर्मवेअरमध्ये दुरुस्त हॅशची स्वतंत्र प्रत आली आणि मांडणीच्या फाइलींसाठी बूटलोडरचं फंक्शन बोलावणं बंद झालं. एकाच कामाचा कोड दोनदा फ्लॅशमध्ये ठेवणं कुणालाच आवडलं नाही, पण दुरून बदलता येणारी प्रत हवी होती. तिसरं, नव्या उपकरणांचा बूटलोडर दुरुस्त झाला.

निष्पत्ती

नकाराच्या तक्रारी थांबल्या. एकही उपकरण परत आलं नाही. साधनातल्या लांबीच्या नियमाशेजारी कारण सविस्तर लिहिलेलं आहे, आणि तो नियम कुणी काढला तर बिल्ड अडवणारी चाचणीही आहे. हे महत्त्वाचं, कारण काही वर्षांनी 'ही स्पेस कशाला' म्हणून कुणीतरी ती ओळ उडवणार हे नक्की.

चाचण्यांचा संच आता असा आहे: शून्य ते २५६ प्रत्येक लांबी ओपनएसएसएलशी ताडून. प्रत्येक संदेश प्रत्येक शक्य जागी दोन तुकड्यांत तोडून, कारण उपकरणावर डेटा तुकड्यांनीच येतो. बफर चारही प्रकारच्या पत्त्यांवर ठेवून. एनआयएसटीच्या प्रमाणीकरण कार्यक्रमाचे सगळे नमुने. आणि हे सगळं सॅनिटायझरसह संगणकावर, तसंच प्रत्यक्ष चिपवर.

वेगळं काय करता आलं असतं

एनआयएसटीच्या त्या नमुन्यांतल्या लहान संदेशांच्या फाइलमध्ये ० ते ६४ बाइटपर्यंतची प्रत्येक लांबी आहे. ती फाइल फुकट मिळते. कुलूप लागण्याआधी ती एकदा चालवली असती तर पंचावन्नाव्या लांबीला चाचणी लाल झाली असती. इतरांनी तयार करून ठेवलेले नमुने न घेता नेहमीच्या चार उदाहरणांवर थांबणं, हा मला सर्वांत टाळता येण्याजोगा निर्णय वाटतो.

'पुढच्या टप्प्यात' हा शिक्का बदलता येणाऱ्या कोडला लावता येतो. बूटलोडरला पुढचा टप्पा नव्हता. चाचण्यांची यादी बनवताना कोणता भाग कुलपाआड जाणार आहे ही वेगळी खूण असती, तर ती चाचणी मागे पडली नसती. गटाने आता तशी खूण ठेवायला सुरुवात केली आहे.

रस्टमध्ये लिहिलं असतं तर, हा प्रश्न शेवटच्या बैठकीत आला. विषम पत्त्यावरून वाचण्याची आणि चिन्हाच्या बिटात सरकवण्याची अशी दोन्ही संकटं सुरक्षित रस्टमध्ये उभीच राहिली नसती. पण >= आणि > यांतला फरक कोणताही कंपाइलर ओळखत नाही. ही चूक तिथेही तशीच कंपाइल झाली असती.

आणि स्वतः लिहायचं ठरवण्याआधी, लायब्ररीतली ती एक फाइल कंपाइल करून तिचा आकार मोजायला हवा होता. मी आल्यावर आम्ही ते केलं. ती बूटलोडरच्या जागेत बसत होती. पुढच्या उत्पादनासाठी गटाने तीच घेतली आहे आणि स्वतःचा कोड चाचणीच्या संचात ताडून पाहायला ठेवला आहे.